खुराकाचं कोण बघतं?

“बाई, रात्रीचा पिच्चर बघितला का? कापाकापीचा?”

मामी कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या की हातातलं काम बाजूला ठेवावं लागतं. आमच्या दोन अंगणांमध्ये तुराट्यांचं कुंपण आहे. त्याला मधोमध एक खिंडार पडलंय आणि ते बुजवायचा विचार दोन्ही घरांत कुणाच्या मनात आलेला नाही. लोणचं, विरजण, सिलिंडरवाल्याचा नंबर आणि अर्ध्या किनवटच्या बातम्या त्याच वाटेनं ये-जा करतात.

“बघितला की,” मी म्हणाले. “‘ग्लॅडिएटर’. हिंदीतला.”

“मी म्हणायले झोपा आता, बारा वाजायलेत. तर आमचे हे म्हणायलेत, थांब, त्याचा डाव चुकायलाय. त्या गोऱ्याला हे बाजेवरून डाव सांगायलेत!”

आमचे हे म्हणजे मामा. ते पलीकडं ऊन खात बसले होते. एके काळचे पैलवान. दोन्ही कान मोडलेले, एका गुडघ्याला पट्टा, पण मान अजून खांबासारखी. “मग काय चुकलं माझं? तलवार राहू द्या हो. पाय बगा त्याचे. पायात जीवच नाई,” ते तिथूनच म्हणाले.

मामींची शंका वेगळी होती. तुरीच्या शेंगा सोलता सोलता त्यांनी विचारलं, “बाई, तुमी शाळेत इतिहास शिकवता. खरंच मारायचे का एकमेकाला? अन् लोक बघत बसायचे?”

मारायचे. आणि लोक नुसते बघत नव्हते, आधीपासून जागा धरून बसायचे. पण सुरुवात कशी झाली ते सांगितल्यावर मामींचा हात शेंगेवरच थांबला. रोममधली पहिली नोंद इसवी सनापूर्वी 264 ची आहे. ब्रूटस पेरा नावाचा बडा माणूस वारला. त्याच्या पोरांनी बापाच्या मयताच्या विधीत गुलामांच्या तीन जोड्या लढवल्या. कुठं? तर गुरांच्या बाजारात.

“मयताच्या घरी?” मामी म्हणाल्या. “आपल्याकडं भजन ठेवतेत.”

“बैलबाजारात म्हणल्यावर माळेगावच झालं की,” मामांना तेवढंच ऐकू आलं होतं.

माळेगावचं नाव निघालं की मामांना थांबवता येत नाही. लोहा तालुक्यातली खंडोबाची यात्रा, मार्गशीर्षातली. घोडे, गाढवं, उंट, बैल यांचा बाजार एकीकडं, तमाशाचे तंबू दुसरीकडं, आणि त्यातच कुस्त्यांची दंगल. मामा तिथं उतरलेले आहेत. त्यांच्या सांगण्याप्रमाणे सगळी यात्रा त्यांच्याच कुस्तीसाठी थांबली होती. मामींच्या सांगण्याप्रमाणे त्या दिवशी घोड्यांना गिऱ्हाईक नव्हतं म्हणून लोक तिकडं गेले.

रोमचं पुढं काय झालं ते जास्त ओळखीचं आहे. मयत राहिलं बाजूला आणि मतांचं राजकारण आलं. इसवी सनापूर्वी 65 मध्ये ज्युलियस सीझर शहराचा एक अधिकारी होता आणि त्याला वर चढायचं होतं. बापाच्या स्मरणार्थ त्यानं ग्लॅडिएटरांच्या 320 जोड्या उतरवल्या. बाप जाऊन वीस वर्षं झाली होती.

“वीस वर्षांनी आठवण आली?” मामी हसल्या. “निवडणूक असंल.”

निवडणुकीचीच हवा होती. सिनेट इतकी घाबरली की एका माणसानं शहरात किती ग्लॅडिएटर ठेवायचे, यावर कायदाच केला. मामांना यात काहीच नवल वाटलं नाही. आपल्याकडं पुढाऱ्याच्या वाढदिवसाला मैदान घेतात, फ्लेक्सवर पैलवानापेक्षा पुढाऱ्याचा फोटो मोठा असतो, हे त्यांनी हातवारे करून दाखवलं. फ्लेक्सचंही रोमनांना सांगायला नको होतं. पाँपे शहराच्या भिंतींवर रंगवलेल्या जाहिराती सापडल्यात: कुणाच्या खर्चानं खेळ आहेत, किती जोड्या आहेत, आणि खाली मुद्दाम लिहिलेलं की उन्हासाठी वर कापड ताणलेलं असेल.

“मंडप असायचा होय!” मामींना ही व्यवस्था पसंत पडली.

मंडप म्हणजे काय, कोलोसियमवर जहाजाच्या शिडासारखं कापड ताणायला खलाशांची तुकडीच ठेवलेली होती. ते कोलोसियम इसवी सन 80 मध्ये तीतस बादशहानं खुलं केलं, तेव्हा शंभर दिवस खेळ चालले. पन्नासेक हजार माणूस बसायचा. पैसे घेत नव्हते, पण कुणी कुठं बसायचं ते ठरलेलं. पुढं सिनेटर, मग पैसेवाले, मग साधी माणसं, आणि अगदी वर, जिथून खालचा माणूस बोटाएवढा दिसेल, तिथं बायका.

“तरी बसू द्यायचे,” मामी म्हणाल्या. शेंगांचं सूप त्यांनी जरा जोरातच आपटलं. “मी ह्यांची एक कुस्ती बघितली नाई. एक! लग्न झालं तवा हे लढायचे. जत्रेत हलगी वाजायची, मी इकडं चुलीपुढं. आवाज चढला की कळायचं जिंकले का हरले. लोक घरी येऊन सांगायचे मग, असा फिरवला, तसा टाकला. मला काय, मी मान हलवायची.”

मामा गप्प. मग म्हणाले, “बायका येत नसायच्या तवा.”

“आता तर बायका लढायल्यात,” मी म्हणाले. 2023 च्या मार्चमध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली, हे मामांना माहीत होतं. मामींना नव्हतं. त्यांनी नाव दोनदा विचारून घेतलं. रोममध्येही बायका लढल्यात. लंडनच्या संग्रहालयात एक कोरीव दगड आहे, त्यावर दोघी ढाली घेऊन समोरासमोर उभ्या आहेत, खाली नावं ‘अमेझॉन’ आणि ‘अखिलिया’. दोघींना जिवंत सोडलं असं त्यावर कोरलंय. पुढं इसवी सन 200 च्या सुमारास सेप्टिमियस सेवेरस बादशहानं बायकांच्या लढतींवर बंदी घातली.

बसायच्या जागेवरून मामांनी खासबाग काढलं, आणि ते काढणारच होते. मराठी पैलवानाला कोल्हापूरचं खासबाग म्हणजे पंढरी. पण त्याची नाळ थेट त्या रोमशी आहे हे मामांना ठाऊक नव्हतं. 1902 साली शाहू महाराज इंग्लंडच्या राजाच्या राज्याभिषेकाला निघाले होते, त्या प्रवासात त्यांनी रोमचं कोलोसियम बघितलं. तसं मैदान आपल्याकडं हवं हे त्यांनी मनात धरलं. कोल्हापुरात काम निघालं आणि 1912 मध्ये खासबाग उभं राहिलं. मधोमध आखाडा आणि भोवती चढत गेलेली गोल बैठक, त्यामुळं शेवटच्या रांगेतल्या माणसालाही माती दिसते.

“मी बसलोय तिथं,” मामा म्हणाले. “मागं बसलो होतो. पैलवानाची लांग सुटली ते पण दिसलं.”

महाराजांनी इमारत तिकडची आणली, पण खेळ इकडचाच ठेवला. हे मला त्या साऱ्या गोष्टीतलं सगळ्यात मोलाचं वाटतं. नुसतं मैदान बांधून ते थांबले नाहीत. तालमी बांधल्या, पंजाबापासूनचे मल्ल आणून ठेवले, आणि पैलवानाच्या खुराकाचा खर्च संस्थानातून दिला.

खुराक म्हणताच मामींनी सूप खाली ठेवलं आणि त्या कुंपणाला येऊन टेकल्या. एक तुराटी कडकन मोडली.

“आता बोललात कामाचं. रोमवाले काय खाऊ घालायचे?”

जव आणि शेंगांचे दाणे. खरंच. त्या काळी लोक त्यांना ‘जव खाणारे’ म्हणून चिडवायचे. गेलन नावाचा मोठा वैद्य तरुणपणी पर्गमममध्ये ग्लॅडिएटरांना टाके घालायच्या कामावर होता. त्यानं लिहून ठेवलंय की रोज घेवडा आणि जव खाऊन त्यांचं अंग भरतं, पण मांस घट्ट होत नाही, फुसफुशीत राहतं. तुर्कस्तानातल्या इफेससला 1993 मध्ये त्यांचं एक अख्खं कब्रस्तान सापडलं. हाडं तपासली तर जेवण बहुतेक धान्याचंच निघालं, आणि वर हाडं भरायला राखेचं पाणी पीत असावेत असंही दिसलं.

“राखेचं?” मामी ओरडल्याच. “अन् मी ह्यांना बदाम घासायचे! रोज पहाटं. सहाणेवर. हाताची सालं निघायची. दोन लिटर दूध सकाळी, दोन रात्री, तूप वेगळं, थंडाई वेगळी. दोन म्हशी होत्या घरात, पण लेकरांना ताक. माझ्या सासूनं पाटल्या मोडल्या एका साली. जिंकले काय? फेटा. नारळ. अन् ती गदा, पितळी, ती बघा, तिच्यावर आता टॉवेल वाळायलाय.”

गदेवर टॉवेल होता, हे खरं. निळ्या पट्ट्यांचा.

“मान मिळाला की,” मामा पुटपुटले.

“म्हैस मान खात नाई, पेंड खाती.”

मला तेव्हा रोमच्या कायद्याच्या पुस्तकातली एक गोष्ट आठवली. गायस नावाच्या पंडितानं इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात एक कोडं मांडलंय. ग्लॅडिएटर पाळणारा व्यापारी असायचा, त्याला लानिस्ता म्हणत. खेळ ठेवणारा त्याच्याकडून माणसं न्यायचा. करार असा, की माणूस धडधाकट परत आला तर त्याचे 20 दिनार द्यायचे आणि मेला किंवा लुळा झाला तर 1000. आता हे भाडं म्हणायचं का विक्री? गायस म्हणतो, परत आला तर भाडं, मेला तर विक्री. बस. त्याला पडलेला प्रश्न तेवढाच होता.

मामींनी हिशेब लगेच केला. “म्हणजे पन्नास पट. मग मारायला कोण सांगंल? पैसे देणाराला परवडंल का?”

नेमकं तेच. पिक्चरमध्ये दर लढतीत माणूस मरतो, खऱ्यात तसं परवडत नव्हतं. हरलेला बोट वर करून शरण यायचा. हातात लांब काठी घेतलेला पंच मध्ये पडायचा. मग लोक ओरडायचे, सोडा म्हणून किंवा मारा म्हणून, आणि खेळ ठेवणारा निकाल द्यायचा. त्याला एकीकडं लोकांना खूश करायचं, दुसरीकडं लानिस्ताचं बिल. चांगला लढून हरलेला बहुतेक वेळा सुटायचा. अंगठा खाली म्हणजे मरण, हे आपल्या डोक्यात बसलं ते 1872 च्या एका फ्रेंच चित्रामुळं आणि नंतर सिनेमांमुळं.

सिसिलीत एकाची कबर आहे. फ्लामा त्याचं नाव, मूळचा सीरियाचा. वय तीस. 34 लढती, 21 जिंकल्या, 9 बरोबरीत, 4 हरला आणि तरी सोडून दिला. दगड त्याच्या जोडीदारानं बसवला.

“नऊ बरोबरीत?” मामांचे मोडके कान टवकारले. “नूरा असतील.”

“नूरा म्हणजे?” मी मुद्दाम विचारलं.

“मिलीभगत. तू मला टाकू नको, मी तुला टाकत नाई, इनाम अर्धं-अर्धं.” मग त्यांनी जरा विचार केला. “पण एकाच तालमीतले असले, अन् हातात तलवारी, तर मी बी नूराच करीन, बाई.”

एकाच तालमीतले असायचेच. एका लानिस्ताकडं राहणारे, एका पातेल्यातलं जव खाणारे, दुसऱ्या दिवशी एकमेकांपुढं. आपल्याकडं या गोष्टीचा शेवट कसा होतो ते मामांनी टीव्हीवर बघितलेलं आहे. जानेवारी 2020 मध्ये पुण्याच्या बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची शेवटची कुस्ती, नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि आपल्या लातूरचा शैलेश शेळके. दोघंही काका पवारांचे पठ्ठे. सदगीर 3-2 नं जिंकला आणि त्यानं शेळकेलाच खांद्यावर उचलून घेतलं. मामा ते सांगताना स्वतः अर्धे उठले, गुडघ्यानं नको म्हटल्यावर बसले.

लातूरचं निघालं आणि मामांनी हरिश्चंद्र बिराजदार काढले. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचं पोर, कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत गेलं, 1969 ला लातुरातच महाराष्ट्र केसरी आणि 1970 ला एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक. मराठवाड्यातल्या त्या पिढीच्या पोरांनी शड्डू ठोकले ते त्यांच्याकडं बघून. मामाही त्यातलेच.

“अन् माझ्या बापानं मला दिली ती बी त्याच नादात,” मामी म्हणाल्या. “पैलवान जावई!”

इथं मला राहवलं नाही. पाँपेच्या भिंतीवर एका ग्लॅडिएटरबद्दल खरडलंय, केलादुस त्याचं नाव, की पोरी त्याच्यासाठी उसासे टाकतात. मामींनी डोळे मोठे केले. मग मी दुसरी सांगितली. जुवेनाल नावाच्या कवीनं आपल्या उपरोधिक कवितेत रंगवलेली, त्यामुळं किती मीठ-मसाला कोण जाणे. एप्पिया ही एका सिनेटरची बायको. नवरा, पोरं, घरदार, सगळं सोडून ती सर्जियस नावाच्या ग्लॅडिएटरबरोबर जहाजात बसून थेट मिसरला पळाली. आणि हा सर्जियस कसा? वय उलटलेला, एक हात जखमी, शिरस्त्राणानं तोंडावर घट्टे, नाकावर मोठं टेंगूळ, एका डोळ्यातून सारखं पाणी.

मामींनी मामांकडं वळून बघितलं. कान, गुडघा, मान, सगळं बघितलं.

“बाप्पा,” त्या म्हणाल्या, “जहाजातून गेली?”

“लाज नाई तुला,” मामा म्हणाले, पण खूश दिसले.

कवीचं म्हणणं असं की तो तलवारीचा माणूस होता म्हणून तिला भावला, तलवार टाकली असती तर तिनं ढुंकून बघितलं नसतं. गंमत अशी की ज्याच्यासाठी उसासे टाकायचे, त्याला कायद्यात काडीची किंमत नव्हती. गुलाम तरी असायचा, नाही तर स्वतःच्या पायानं करार करून आला तरी समाजातून उठलेला. मत नाही, मान नाही. टाळ्या तेवढ्या. आमच्याकडं निदान कुस्ती सुटल्यावर पैलवान मैदानात फेरी मारतो, लोक दहा-पन्नासच्या नोटा हातात ठेवतात, आणि तो आपल्या घरी जेवायला जातो.

बघणारे तिकडचे इकडचे सारखेच, यावर मामांचं-माझं एकमत झालं. इसवी सन 59 मध्ये पाँपेच्या मैदानात पाँपेवाले आणि शेजारच्या नुसेरियाचे लोक आधी शिव्यांवर आले, मग दगडांवर, मग शस्त्रांवर. माणसं मेली. सिनेटनं पाँपेचे खेळ दहा वर्षं बंद केले. मामांनी अशा तीन-चार जत्रा सांगितल्या. गावांची नावं मी इथं लिहीत नाही, एक तर फारच जवळ आहे. पंचानं कुस्ती बरोबरीत सोडवली आणि बैलगाडीचं जू उपसलं गेलं, एवढंच. मामा म्हणाले की भांडणारांत लांग बांधलेलं कुणीच नव्हतं, दोन्ही पैलवान एका झाडाखाली केळी खात बसले होते.

“नारळावरची कुस्ती बघावी बाई,” ते म्हणाले. “लहान पोरांची. सुरुवातीची. रेवड्यांवर, नारळावर लावतेत. तिथं कोणी भांडत नाई. पोरगं चीत झालं तरी हसतंय.”

पोरांवरून खरी गोष्ट निघाली, आणि माझ्या लक्षात आलं की मामी सकाळपासून याच्याचसाठी कुंपणाशी आल्या होत्या. मामांच्या पुतण्याचा पोरगा, वय तेरा, तालमीत जायला लागलाय. पुतण्याचा निरोप आला होता, काकांनी पोराच्या दुधापुरती म्हैस द्यावी. मामांनी न विचारता हो म्हणून टाकलं होतं.

“देऊ ना,” मामी म्हणाल्या. “कामून नाई देऊ? पोरगं गुणाचं आहे. पण म्हैस माझ्या नावावर राहील. अन् जत्रेची कमिटी इनाम लावती, तिला विचारा, वर्षभराची पेंड कोण लावतंय? मोठे हौसेनं बघायला बसतेत ना पुढं खुर्च्यांवर. अर्धी पेंड त्यांच्याकडून, अर्धी बापाकडून. अन् पोरगं लुळं झालं तर दवाखाना कमिटीचा. आधी लिहून द्या म्हणावं.”

मामा माझ्याकडं बघायला लागले. “बाई, तुमी आज हिला काय काय सांगितलं हो? ही तर लानिस्ता झाली.”

“जे काय झाली असंल ते झाली. लावा फोन.”

मामांनी उशाखालचा फोन काढला, चष्मा शोधला, नंबर लावला. पलीकडून पुतण्या बोलायला लागला तसा मामांचा आवाज एकदम मऊ झाला, हो, हो, बघू, तुझी काकू म्हणायलीय की. मामी खिंडारातून अर्ध्या आत वाकून ऐकत होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही.

“अन् फेरीचे पैसे पोरगं आईच्या हातात देईल, तालमीत वाटणार नाई, ते बी सांगा!”